जुन्या इंजिनाची काडी

नवेगावबांध मागे पडलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, आणि ईश्वरदास मिस्त्रींच्या डाव्या टाचेच्या भेगेतून रक्त यायला लागलं होतं. डांबरावर त्यांच्या पावलाचा अर्धाच ठसा उमटत होता. मी मागून तो पाहत चालले होते.

"भाऊ, माझ्या पिशवीत जादाची चप्पल आहे," मी म्हटलं. "बाईची आहे, पण टाचेले काय कळते?"

"राहू द्या जी, बाई. होऊन जाते."

"काय होऊन जाते? पाय सडून जाते."

ते हसले नाहीत. खांद्यावरचं लांबडं गाठोडं त्यांनी दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि चालत राहिले. जुन्या लुगड्याच्या धडप्यात काहीतरी घट्ट गुंडाळलेलं होतं, हातभर लांब, काठीसारखं सरळ. सकाळी निघाल्यापासून त्यांनी ते खाली ठेवलं नव्हतं. चहाला थांबलो तेव्हाही मांडीवरच होतं.

महाशिवरात्रीला प्रतापगडला पायी जायची आमच्या गावाची रीत आहे. कोहमाऱ्याहून थोडं आत आमचं गाव. तीस-चाळीस माणसं निघतात. पुढे बाबूलालभाऊ त्रिशूळ घेऊन, त्यांच्या मागे तरणी माणसं, मग बाया, आणि शेवटी आमच्यासारखे गुडघेवाले. रस्त्याच्या कडेला पळस फुलला होता. बांधाच्या पाण्यावर उन्हाळी धानाची रोवणी झालेली, तेवढे तुकडे हिरवे, बाकी लाखोरीची शेतं वाळून गेलेली.

बाबूलालभाऊ पुलावर आमच्यासाठी थांबले होते. गाठोड्याकडे पाहून म्हणाले, "मिस्त्री, महादेवाले पाना वाहून राहिले का गा? त्याच्या नंदीले कोणतं इंजिन बसवता?"

सगळे हसले. मिस्त्रींनीही मान हलवली. "नंदीचं इंजिन ओरिजनल आहे," ते म्हणाले. "त्याले माह्यासारख्यानं हात नाही लावावा."

लोक पुन्हा हसले आणि पुढे निघाले. आम्ही दोघंच मागे राहिलो. थोडं चालल्यावर त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "प्रेरणानं फॉर्म भरला का जी? तुमच्याजवळ काही बोलली?"

"नाही भरला. नाही भरत म्हणते."

"किती दिवस राहिले?"

"नऊ."

"तुम्ही समजावून सांगा न तिले."

"मी चारदा सांगितलं, भाऊ. ती म्हणते, मावशी, ज्या हातानं मायची गाडी बंद पाडली त्या हातात एसटी कोण देईल?"

मिस्त्रींचं पाऊल अडखळलं. मला वाटलं टाचेत खडा रुतला.

प्रेरणा ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिची आई शामकला माझ्या अंगणवाडीत मदतनीस होती. चौदा वर्षं आम्ही एका चुलीवर गावच्या पोरांची खिचडी शिजवली. शामकलेला जाऊन येत्या पोळ्याला दोन वर्षं होतील. घरात आता बाप-लेक दोघंच राहतात, आणि दोघं मिळून दिवसाला दहा शब्द बोलत नाहीत. प्रेरणाला एसटीची ड्रायव्हर व्हायचं होतं. खाकी घालून गोंदिया डेपोतून बस काढायची, हे तिचं शाळेपासूनचं बोलणं. आता ती सडक अर्जुनीला एका दुकानात ब्लाऊज शिवते, सायकलनं जाते, सायकलनं येते. बाप समोरून गाडी घेऊन आला तर सायकल रस्त्याच्या खाली उतरवते. यंदा पुन्हा भरती निघाली, तर तिनं जाहिरातीचा कागद पिठाच्या डब्याखाली घातला.

पण मी मिस्त्रींबद्दल सांगते आहे, तर त्यांचं आधी सांगायला पाहिजे.

ईश्वरदास मूळचे दवनीवाड्याकडचे. चार भावांत धाकटे. आठवी झाल्यावर बापानं गोंदियाला एका गॅरेजात नेऊन बसवलं. तिथला उस्ताद हिंदी बोलणारा. त्यानं पहिली दोन वर्षं पोराला फक्त डिझेलमध्ये पार्ट धुवायला ठेवलं. त्या हातांचा वास पुढे कधी गेलाच नाही. लग्नात शामकलेनं अंतरपाट खाली पडल्यावर पहिल्यांदा नाकच मुरडलं होतं, असं ती स्वतः हसून सांगायची. नंतर ते कोहमाऱ्याला आले, हायवेच्या कडेला एका ढाब्याशेजारी टिनाचं शेड घातलं, आणि पंचवीस वर्षं तिथंच राहिले.

त्यांची ख्याती एका गोष्टीची. एखाद्या गाडीचं इंजिन कामातून गेलं आणि तसंच दुसरं मिळेना, तर मिस्त्री त्याच्या नात्यातलं इंजिन शोधून आणत आणि बसवत. लोक त्यांना इंजिनांची सोयरीक जमवणारा म्हणत. ते स्वतःही तसंच बोलायचे. "हे सख्खं नाही जी, चुलत आहे. ब्लॉक एक, बोल्टाले बोल्ट लागते, फक्त फाउंडेशन वेगळं." कधी म्हणत, "हे मावसभाऊ आहे, गिअरबॉक्सशी भांडन करीन." मला यातलं काही कळायचं नाही, पण ऐकायला गंमत वाटायची.

त्यांचा एक नेम होता. जुनं इंजिन काढलं की त्यातली एक वस्तू नव्यात घालायची. एखादा बोल्ट, एखादं झाकण, पट्टी, काहीही. उस्तादानं सांगितलं होतं, "पुराने का एक पुर्जा नए में डाल, गाड़ी को घर याद रहता है." मिस्त्रींनी ते कधी मोडलं नाही. ज्यांच्या गाड्या ते लोकही विचारत, "जुन्याचं ठेवलं न गा मिस्त्री?" आमच्याकडे घर बदललं की जुन्या चुलीतला विस्तव नव्या चुलीत नेऊन घालतात. त्यामुळे कुणाला यात वेगळं वाटलं नाही. मलाही नाही. मला तर आवडायचं ते.

आता त्या गाडीचं. अर्जुनी मोरगावकडची एक आठ सीटांची डिझेल गाडी. ड्रायव्हरनं पुरात नाल्यावरच्या ठेंगण्या रपट्यावरून घातली. इंजिन पाणी प्यायलं, आतला रॉड तुटला आणि त्यानं ब्लॉकला मुठीएवढं भोक पाडलं. मालकानं ती शेडमागे आणून टाकली आणि नवी गाडी घेऊन मोकळा झाला. तीन पावसाळे ती तिथंच. बॉनेटमधून गवत आलं. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत, आणि शामकला ती अंडी अंगणवाडीच्या पोरांसाठी आणायची. प्रेरणा तेव्हा नववी-दहावीत. शाळेतून आली की त्या बंद गाडीत स्टेअरिंग धरून बसायची. तोंडानं आवाज काढायची, गिअर टाकायची, "चला गोंदिया, गोंदिया, गोरेगाव, गोंदिया!" ढाब्यावरचे ट्रकवाले हसायचे.

एके दिवशी मालक म्हणाला, घेऊन टाका मिस्त्री, माझ्या कामाची नाही. मिस्त्रींनी ठरवलं, पोरीसाठी हिला उभी करायची.

तेच इंजिन कुठं मिळालं नाही. गोंदिया, भंडारा, रायपूर, सगळं पालथं घातलं. शेवटी नागपुरात एका कबाड्याकडे चुलतभाऊ सापडला. त्याच कंपनीचा, त्याच घराण्यातला, पण तीन-चार वर्षं नंतरचा, माल वाहायच्या गाडीतला. मिस्त्री त्याला गोणपाटात बांधून घेऊन आले, जसं कुणी बाळंतिणीला आणावं. पुढचा महिनाभर बाप-लेक शेडमध्ये. चेन-पुलीनं इंजिन टांगलेलं, खालून बाप ओरडतो, "डावीकडं, डावीकडं, अजून दोन सूत," आणि पोरगी पहार घेऊन सरकवते. इंजिन ज्यावर बसतं त्या फाउंडेशनच्या पट्ट्या कापून नव्या केल्या. वायरींचे प्लग वेगळे, ते तोडून जोडले. एक तेवढा जुळला नाही. तेल कमी झालं की समोर लाल दिवा लागतो त्याचा. मिस्त्री म्हणाले, "राहू दे. रोज काडी पाहू. दिव्यापेक्षा काडी खरी."

काडी म्हणजे इंजिनात तेल किती आहे ते पाहायची लोखंडी पट्टी. ओढायची, पुसायची, परत घालून पुन्हा ओढायची. वरच्या खुणेपर्यंत तेल लागलं तर भरलेलं आहे.

गाडी पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी शामकला नारळ आणि हळदकुंकू घेऊन गेली. मीही होते. तिनं बॉनेटला कुंकू लावलं आणि विचारलं, "जुन्याचं काही ठेवलं का?"

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. पोरीच्या गाडीच्या आनंदात तेवढंच विसरले होते. जुन्याचं तेलाचं झाकण लावून पाहिलं, त्याचे आटे लागेनात. दुसरं काही काढून बसवायचं म्हणजे पुन्हा इंजिन उघडणं आलं, आणि नारळ तर हातात. मग त्यांनी जुन्या इंजिनाची काडी उचलली, नव्यात घातली. लोण्यात गेल्यासारखी गेली. नव्या इंजिनाची स्वतःची काडी होती, ती त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. शामकलेनं नारळ फोडला. गाडी पहिल्या चावीला लागली. प्रेरणा स्टेअरिंगवर डोकं टेकवून रडली.

दीड वर्ष ती गाडी गावाच्या उपयोगी पडली. गरोदर बाया दवाखान्यात नेल्या, लसीकरणाला पोरं नेली, लग्नाला वऱ्हाड नेलं. प्रेरणानं लायसन काढलं, आणि बहुतेक तीच चालवायची. बापाचा एकच हुकूम होता. सकाळी काडी पाहिल्याशिवाय चावी नाही. ती काडी काढायची, ओढणीलाच पुसायची, परत घालून वर उचलायची आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, "फुल्ल!" शामकला अंगणवाडीत पोळपाटावरून मान वर करून म्हणायची, "आली बाई माझी फुल्ल."

त्या दिवशीही ती ओरडली होती. मी ऐकलं होतं.

सकाळी अकराला शामकला पोरांना खिचडी वाढता वाढता खाली बसली. म्हणाली, छातीत दगड ठेवल्यासारखं वाटून राहिलं. घाम फुटला. गावचे डॉक्टर म्हणाले ताबडतोब गोंदियाला न्या. ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेलेली, यायला तास लागणार. मिस्त्री देवरीच्या रस्त्यावर एका बंद ट्रकखाली. प्रेरणा म्हणाली, "मी नेते." शामकलेचं डोकं माझ्या मांडीवर. पोरीनं गाडी हाणली.

मुरदोलीच्या जंगलात आवाज यायला लागला. खट्, खट्, खट्. मी म्हटलं, "हळू चालव गं." मला दुसरं काही सुचलं नाही. मग कुणी लोखंडी परात फरशीवर आपटावी तसा आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी थांबली. मोबाईलला रेंज नाही. प्रेरणा चावी फिरवत होती, फिरवत होती. शामकला मला म्हणाली, "पोरीले रागावू नका बाई." तेवढंच. चाळीस मिनिटांनी धानाची पोती भरलेला एक ट्रक थांबला. गोंदियाला पोचलो तेव्हा डॉक्टरांनी डोळे पाहिले आणि चादर ओढली.

प्रेरणा बाहेर भिंतीला टेकून उभी होती. मला एकच विचारत होती, "मावशी, मी रेस जास्त दिली का?"

मी तिला जवळ घेतलं. पण नाही म्हणायला मला जमलं नाही, कारण मला ठाऊक नव्हतं.

गावात बोलणं झालंच. पोरीनं घाईत इंजिन जाळलं. मायेला घेऊन जात होती, पण बाईच्या हातची गाडी. कुणी तोंडावर बोललं नाही. पाणवठ्यावर मात्र बोलायचं सोडलं नाही. मिस्त्रींनी गाडी ओढून आणली, शेडमागे जिथं आधी होती तिथंच ठेवली, वर ताडपत्री टाकली. कुणी विचारलं तर म्हणायचे, इंजिन बसलं, जाम झालं. का बसलं ते कधी सांगितलं नाही.

तर आम्ही चालत होतो. एका मोठ्या मोहाखाली ते थांबले. मला वाटलं टाच बांधायची असेल. मी पिशवीतून हळद काढली. त्यांनी ती घेतली नाही. खाली बसले, गाठोडं सोडलं.

धडप्यात दोन काड्या होत्या. लोखंडी, पातळ, एकीच्या टोकाला पिवळं कडं.

"हे काय, भाऊ?"

"तेलाच्या काड्या."

"त्या दिसतात. देवाले काड्या?"

त्यांनी दोन्ही हातात घेतल्या. वरची कडी एकमेकीला लावून धरली आणि माझ्यासमोर केल्या. पिवळ्या कड्याची काडी खाली लांब होती. दुसरी आखूड. "पाहा," ते म्हणाले. "किती फरक आहे?"

मी बोट लावून पाहिलं. "दोन बोटं."

"दोन बोटं," ते म्हणाले. "ही लांब जुनीची. ही आखूड नवीची, भिंतीवरची. चुलत होते न जी दोघं. ब्लॉक एक. पण नवीच्या काडीची नळी दोन बोटं खाली. जुनी काडी तिच्यात घातली त ती दोन बोटं जास्त खोल जाये. तेल कमी असे अना काडी फुल्ल सांगे. मी दर वेळी काडी पाहून तेल टाको. डब्यावर किती लिटर लिवलं ते कधी पाह्यलं नाही. पंचवीस वर्षं काडीवर काम केलं मी."

मला लगेच समजलं नाही. मग समजलं.

"म्हणजे त्या दिवशी..."

"पोरीनं रेस देल्ली, बरोबर देल्ली. माय मरून राहिली त कोन हळू चालवन? भरल्या तेलाचं इंजिन असतं त नागपूरलेही गेलं असतं. ते दीड वर्ष अर्ध्या तेलावर चाललं, बेरिंग आतून झिजून झिजून. पोरगी रोज सकाळी फुल्ल म्हने. माह्याच काडीवर भरोसा ठेवून म्हने."

"तुम्हाले कधी कळलं?"

"तेरवीच्या दुसऱ्या दिवशी. तेलाचं चेंबर खोललं. निंगालं तेल अर्धं. काडी भरलेली."

पुढच्या वळणावर आमची माणसं दिसेनाशी होत होती. मी हिशेब केला नाही, आपोआप झाला. जवळपास दीड वर्ष.

"अन् पोरगी तेव्हापासून..."

"हो जी."

"लोक तिले बोलत होते."

"हो."

"तुम्ही ऐकत होते."

"हो, बाई."

मला राग आला. इतका की मी उठून दोन पावलं दूर गेले. मी महादेवाचं नाव घेतलं, मनातल्या मनात पाच वेळा. राग गेला नाही. मग मला शामकलेचा चेहरा दिसला, हातात कुंकवाची वाटी, विचारते आहे, जुन्याचं काही ठेवलं का. तिनंच आठवण करून दिली होती. आणि मी बाजूला उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्या. मी परत येऊन बसले.

"काऊन नाही सांगितलं, भाऊ?"

त्यांनी आखूड काडी धडप्याच्या टोकानं पुसली. "पयल्या दिवशी म्हटलं, घरात पाहुने आहेत. मंग म्हटलं दिवाळी होऊ दे. मंग तिनं गाडी सोडली. मले वाटलं बरं झालं, पोरगी जित्ती त राहीन. मंग एवढे दिवस होऊन गेले, आता कोन्या तोंडानं सांगू? तिच्यासमोर जेवाले बसतो, घास फिरते तोंडात. ती माह्याच ताटात भाजी वाढते. स्वतःले गुन्हेगार समजून वाढते न जी, मले कळते. माहा बाप एकटा पडला माह्यापायी, असं समजून वाढते. अना मी खातो."

पळसाची दोन फुलं वाऱ्यानं घरंगळत आमच्यापर्यंत आली. त्यांनी ती उचलून उगाच बाजूला ठेवली.

"त ह्या काड्या प्रतापगडला कायले?"

"महादेवापाशी ठेवून येतो. मागच्या साली म्हनून अनवानी आलो होतो, पन काड्या आनाची हिंमत नाही झाली. यंदा आनल्या. त्याच्या पायरीवर ठेवतो, कबूल करतो."

मी शिकलेली नाही फार. पोथी वाचते, सोमवार करते, देवावर बोट दाखवायची माझी हिंमत नाही. पण तेव्हा माझ्या तोंडून निघालं ते मी परत घेणार नाही. मी म्हटलं, "महादेवाले कायले सांगता, भाऊ? त्यानं तर त्या दिवशीच पाहिलं, नारळ फुटला तेव्हा. त्याले सारं ठाऊक आहे. जिले ठाऊक नाही ती सडक अर्जुनीत ब्लाऊज शिवून राहिली."

ते लहान पोरासारखं म्हणाले, "तुम्ही सांगा न, बाई. तुमचं ऐकते ती."

"मी नाही सांगणार."

"शामकलेच्या जागी आहा तुम्ही तिले."

"म्हणूनच नाही सांगणार. काडी तुम्ही घातली. तोंडही तुमचंच पाहिजे."

"उठून जाईन ती. घर सोडीन."

"जाईल कदाचित."

"माहं कोनी नाही मंग."

खोटं बोलून धीर द्यावा, असं मनात आलं. बापाला पोरगी माफ करतेच, असं काहीतरी. पण मला ते खरंच ठाऊक नव्हतं, आणि एकदा दवाखान्याच्या भिंतीपाशी मी गप्प राहिले त्याचं ओझं मला पुरेसं होतं.

दुरून बाबूलालभाऊंची हाक आली, "ओ मिस्त्री! इंजिन गरम झालं का गा? पानी टाका, पानी!" आणि चार-पाच जणांचं हसणं. मिस्त्रींनी हात वर करून येतो म्हटलं. काड्या परत धडप्यात गुंडाळल्या, गाठ मारली. तेव्हा मी पाहिलं, ते धडपं शामकलेच्या हिरव्या लुगड्याचं होतं. पोळ्याला नेसायची ते.

आम्ही निघालो. एक तलाव आला. त्याच्या पाळीवरून चालताना ते माझ्याही मागे राहायला लागले. पाण्यात बगळे उभे होते. बायांनी पुढे चूळ भरायला थांबून पिशव्या खाली ठेवल्या होत्या. प्रतापगडचा डोंगर तिथून निळा दिसतो. मी हात जोडले.

मागे वळून पाहिलं तर मिस्त्री पाळीवर उभे. डोंगराकडे पाहत होते, पण पाऊल उचलत नव्हते.

"काय झालं, भाऊ?"

"मी इथूनच परततो, बाई."

"अरे देवा! एवढं आलो आता."

"तिथं गेलो त ह्या काड्या ठेवीन त्याच्या पायरीवर. मन हलकं होऊन जाईन. अना मन हलकं झालं की मंग मी तिले नाही सांगत. मले ठाऊक आहे मी कसा आहो." ते पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहून बोलले. "ती चप्पल द्या."

मी पिशवीतून चप्पल काढली. निळी, बाईची, त्यांना तोकडी. त्यांनी टाचा बाहेर ठेवून ती घातली. पुढच्या माणसांना मी ओरडून सांगितलं की मिस्त्रीच्या पायाला लागलं, ते मागे फिरतात. बाबूलालभाऊ काहीतरी बोलले, लोक हसले, आणि त्रिशूळ पुढे निघाला.

"फाट्यावर दोनची एसटी सापडते," मिस्त्री म्हणाले. "पोरगी साडेपाचले घरी येते. चहा मांडते आल्या आल्या."

मी मान हलवली.

ते अजून उभेच होते. गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं, पुरात वाचवलेल्या सामानासारखं. मला कळलं की त्यांना अजून काही बोलायचं आहे आणि जमत नाही. मी डोंगराकडे पुन्हा एकदा पाहून घेतलं.

"बाई, तुमचं दर्शन राहून जाईन, पाप मले लागन," ते म्हणाले. "पन माह्यासंगं चला. सांगीन मीच, तुम्ही बोलू नका काही. फक्त तिच्या बाजूले बसून राहा, माह्या बाजूले नाही. अना ती उठून गेली त मले सांभाळत थांबू नका जी. तिच्या मागं जा."